आखाजीची तारीख

कूलरच्या जाळ्यांत नवं गवत भरलं, पंप सुरू केला आणि ओल्या गवताचा तो वास घरभर झाला की माझी आखाजी सुरू होते. पंचांगात तिला अजून पंधरा दिवस असेनात का. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचा तोरा जास्त. बाकीच्या बायकांना आखाजी म्हटलं की झोके आठवतात, आमरस आठवतो, खापरावरचे मांडे आठवतात. मला मेलीला आठवतो धुळ्यातला नानांचा कॉम्प्युटर क्लास, तिथली आतली खोली आणि त्या खोलीत ऐटीत कूलरची हवा खात बसलेलं एक मशीन. आई म्हणायची, एवढी गौराई मांडली तुझ्यासाठी आणि तुझं चित्त सगळं त्या वायरींत.

नाना म्हणजे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी चार-पाच मशीनं घेऊन क्लास काढला. त्यांना स्वतःला कॉम्प्युटर येत नव्हता, शेवटपर्यंत आला नाही, पण फळ्यावर कीबोर्डचं चित्र असं काढायचे की बोट लावून बघावं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, तशा एका नंबराच्या गल्लीत, मोटारपंपांच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की क्लास. मी तिथं शिकायला गेले आणि बघता बघता शिकवायला लागले. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की पोरं पांगायची, दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसायचं नाही आणि सगळी मशीनं आमच्या ताब्यात यायची. कूलर मात्र एकच. नानांचं म्हणणं, मशीन तापलं तर जळेल, माणूस तापला तर पाणी पिईल. त्यामुळे कूलरचं तोंड आतल्या मशीनकडे. दमट हवा मशीनला बाधते हे त्यांना कोणीतरी समजावून सांगेपर्यंत आम्ही घामानं निथळत होतो आणि मशीन गारव्यात.

ते आतलं मशीन म्हणजे आमचा सर्व्हर. तो विजूभाऊंनी आणि मी मिळून उभा केला. विजूभाऊ नरडाण्याचे, वयानं माझ्याएवढेच, क्लासातली मशीनं सांभाळायला होते. चौदा एप्रिलला ते हमखास गावी जायचे, कारण जयंतीच्या मिरवणुकीतल्या दिव्यांची सगळी जोडणी त्यांच्याकडे असायची. एका वर्षी ते जयंती करून परत आले तेव्हा कानामागे निळीचा डाग तसाच होता आणि हातात एका मासिकाबरोबर मिळालेली सीडी होती. तिच्यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम, फुकट. वर तिचं पोटही उघडं, कोणीही बघा, कोणीही बदला. फुकट देतायत म्हणजे काहीतरी गोम असणार, असं मी म्हटलं. आमच्या घरी भाजीवाल्यानं जास्तीची कोथिंबीर दिली तरी आई ती दोनदा उलटून बघायची. पण गोम नव्हती.

मग लताअक्का आल्या. त्या जळगावच्या एका कॉलेजात गणित शिकवायच्या, आमच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांच्या कॉलेजात इंटरनेट होतं. तिथून त्यांनी एका खेळाचा सगळा कोड उतरवून घेतला आणि केळीच्या वेफर्सच्या पिशवीत फ्लॉप्या घालून एसटीनं धुळ्याला आणला. त्या कोडचीही तीच तऱ्हा, वापरा, बदला, पुढे द्या, फक्त ज्यांनी केलं त्यांची नावं पुसू नका आणि तुम्ही केलेले बदलही उघडे ठेवा. लताअक्का म्हणाल्या, ही अट मला फार आवडली, आमच्या कॉलेजात तर लोक खडूसुद्धा कुलपात ठेवतात.

खेळात चित्र नव्हतंच. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे दयेनं बघतात. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं यायची, की तुम्ही अमुक जागी उभे आहात, उत्तरेला वाट आहे, पारावर दोघं बसले आहेत. आणि ते दोघं खरे असायचे, शेजारच्या मशीनवर घाम पुसत बसलेले. मूळ खेळात राक्षस होते, किल्ले होते, बर्फ होता. बर्फ आम्ही पहिल्याच दुपारी काढून टाकला. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत बर्फाचं वर्णन वाचवत नव्हतं. त्या जागी मी एक कडुनिंब लावला, त्याला आखाजीचा झोका बांधला आणि खाली इंग्रजी अक्षरांत अहिराणीतून लिहिलं की मोहोर गळतो आहे, जपून बसा. ते आमचं गाव. सुरुवातीला त्यात एवढं एकच झाड होतं.

नियम असा केला की नुसतं खेळून जायचं नाही, ज्यानं त्यानं एक जागा बांधून गावाला द्यायची. मग गाव वाढलं. घाईनं नाही, आमच्याकडे घाईनं काही होत नाही. शिरपूरकडच्या एका पोरानं सातपुड्याचा पायथा बांधला आणि तिथं अस्वल सोडलं. ते अंगावर यावं अशी त्याची इच्छा होती, पण त्याच्या कोडमध्ये काहीतरी चुकलं आणि अस्वल मोहाची फुलं खाऊन जे झोपलं ते उठेचना. चूक दुरुस्त करायला कोणाचं मन झालं नाही, लोक त्याला बघायला जायचे. लताअक्कांच्या विद्यार्थ्यांनी केळीचा मळा बांधला, प्रत्येक ओळ दुसरीसारखी, त्यात माणूस शिरला की तासभर बाहेर यायचा नाही. विजूभाऊंनी नरडाण्याचं स्टेशन बांधलं. गाडी तिच्या मनानं यायची आणि तुम्ही फलाटावर नसलात तर निघून जायची. नानांनाही त्यांनी गावात शिरायला एक नाव काढून दिलं आणि आठवड्यातून एकदा ते त्यांच्याच बोटानं टाइप करून घ्यायचे. नानांची आवड एकच, पत्ते. एरवी क्लासात पत्त्यांचं नाव काढलं तर डस्टर फेकून मारायचे, पण आखाजीला पत्ते खेळायला आमच्याकडे परवानगी कोणाची लागत नाही. तेव्हा गावात निंबाखाली नाना कायम पत्ते पिसत बसलेले असायचे आणि त्यांच्यापाशी गेलं की एवढंच उमटायचं, चौथा गडी पाहिजे.

रविवारी सकाळी जळगावची मंडळी फोनवरून मोडेम लावून आत यायची. मोडेमची ती किर्र सुरू झाली की नाना उठून जिन्यावर जाऊन उभे राहायचे, कारण तेवढा वेळ क्लासाचा फोन लागायचा नाही आणि कोणी तक्रार घेऊन वर आलंच तर त्याला तिथंच चहा पाजून परत पाठवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. पडद्यावर एकेक नाव उतरायचं. कसं शे, बरं शे, उन लई पडी राहिनं, एवढंच बोलणं. जळगावात काय आणि धुळ्यात काय, ऊन सारखंच पडायचं. तरी ते एकमेकांना सांगण्यात फार समाधान होतं आणि मला अजूनही तसं समाधान दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, असं मी आमच्या ह्यांच्या देखत सांगते.

सर्व्हर सांभाळायला एक माणूस लागतो. मी म्हटलं, दर आखाजीला माणूस बदलू या, आणि त्याला सालदार म्हणू या. आमच्याकडे सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी, त्याचं साल आखाजीला संपतं आणि नवं साल त्याच दिवशी ठरतं. मला ते फार सुचलं असं वाटलं होतं. विजूभाऊ मग म्हणाले, माझे आजोबा जन्मभर सालदार होते. वर्षातून त्या एका दिवशी मालक त्यांना विचारायचा, राहणार का. बाकीचे दिवस कोणी काही विचारलं नाही. नाव ठेवायचं तर ठेवा, पण आपण माणूस नेमायचा नाही, विचारायचा, आणि तो नाही म्हणाला तर नाही. तसंच ठरलं. पहिल्या वर्षी मला विचारलं आणि मी आनंदानं हो म्हटलं.

आणि सालदार झाल्याबरोबर मी कायदा केला. झालं होतं असं की पोरं हौसेनं यायची, नाव काढायची आणि परत फिरकायची नाहीत. मशीन जुनं, ते आत येणाऱ्याला ताटकळत ठेवायला लागलं. मी कोडमध्ये लिहिलं की जो दीड महिना आला नाही त्याचं नाव, त्याचं घर, सगळं पुसलं जाईल. विजूभाऊंना पटलं नाही. ते एरवी माझ्याशी शहरी बोलायचे, पण चिडले की थेट नरडाण्यात उतरायचे.

"घर बंद शे म्हनीसन कोनी पाडस का, ताई?"

मी म्हटलं, मशीन आहे, माझ्या आबांचं वावर नाही. लताअक्का माझ्या बाजूनं होत्या. कायदा राहिला आणि सर्व्हर पळायलाही लागला, हे मी आजही सांगेन.

त्याच वर्षी थंडीत माझं लग्न ठरलं, सुरतेला. मुलगा चांगला, साडीच्या मिलमध्ये हिशेब बघणारा, नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. साल अर्धवट टाकून निघाले याचंच मला जास्त वाईट वाटत होतं. पासवर्ड विजूभाऊंकडे दिला. शेवटच्या रविवारी मी सगळं गाव फिरून आले, अस्वल झोपलेलं होतं, मळ्यात नेहमीप्रमाणे हरवले, निंबाखाली झोक्यावर बसून राहिले. गावात माझं नाव कैरी. लताअक्कांनी मोडेमवरून लिहिलं, तुझं नाव पुसू नये असं विजूला सांगून ठेव, एका ओळीचं काम आहे. मी लिहिलं, कायदा मीच केला, मीच कशी मोडू. एवढं ताठ उत्तर दिलं आणि घरी येऊन उपाशी झोपले.

सुरतेत घर दोन खोल्यांचं, सासू बोलकी, नवरा समजूतदार. कॉम्प्युटर कुठला. संक्रांत झाली, आणखी काही दिवस गेले आणि एका सकाळी पोळ्या लाटताना माझ्या ध्यानात आलं की दीड महिना झाला. म्हणजे आज कैरी गेली. कोणी मारली नाही, कोणी भांडलं नाही, मी लिहिलेल्या ओळीनं आपलं काम केलं. सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं, मी म्हटलं, कांदा. पोळ्यांच्या वेळी कांदा कुठून आला हे त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. मला तेव्हा खरं दुःख खेळाचं नव्हतंच. माहेरी खोली भावाची झाली होती, माझं कपाट आईनं रजयांना दिलं होतं, ते सगळं रीतीनंच होतं आणि मला मान्य होतं. पण जगात एक झाड असं होतं की ते मी लावलं होतं, आणि आता त्याच्याखालीही माझं नाव नव्हतं.

आखाजीला आबा, माझे वडील, मला न्यायला आले. पहिली आखाजी लेकीनं माहेरी करायची. तापी लाइनच्या गाडीनं आम्ही नरडाण्याला उतरलो, तिथून बसनं धुळ्याला. फलाटावर पाय ठेवला तेव्हा मला विजूभाऊंनी लिहिलेलं स्टेशन आठवलं, बाकाची मोडलेली पट्टीसुद्धा त्यांनी लिहिली होती आणि ती खरंच मोडलेली होती. घरी आईनं घागर भरली. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे आमचं खरबूज, आणि आंबा, आणि निखाऱ्यावर घास घालतात. लेकी येतात तो दिवस आणि गेलेले येतात तो दिवस, आमच्याकडे एकच. लहानपणी मला याची गंमत वाटायची, की आजोबा आणि आत्या एकाच पंगतीला कसे काय.

जेवून मी क्लासात गेले. पुढच्या खोलीत नाना आणि शेजारचे तिघं पत्ते कुटत होते, नानांनी हातातली पानं न ठेवता मला मान हलवून आत जायला सांगितलं. आत विजूभाऊ आणि दोन विद्यार्थी मशीनवर बसलेले. कूलर तेव्हा माणसांकडे तोंड करून होता, एवढी प्रगती झाली होती. विजूभाऊ उठले आणि खुर्ची पुढे केली. मला माहीत होतं काय येणार ते. या नावाचं कोणी नाही, नवीन नाव काढायचं का, हे वाक्यही माझंच होतं. मी मनाची तयारी करून कैरी टाइप केलं.

पडदा जरा थांबला. मग उमटलं, "पोर घर उनी."

माझ्या पडद्यावर आणि सगळ्यांच्या पडद्यांवर. लेक घरी आली. खाली निंब होता, मोहोर गळत होता, झोक्यापाशी जपून बसा असं लिहिलेलं होतं. केळीच्या मळ्यातून, स्टेशनातून एकेक जण पाराकडे यायला लागला. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. कूलरच्या आवाजात कोणाला कळणार नाही असं मला वाटत होतं, पण नानांनी बाहेरून विचारलं, कोण हरलं रे.

विजूभाऊंनी कायदा बदलला होता. कोड उघडाच होता, त्याला माझी परवानगी लागत नव्हती. नुसतं माझं नाव वगळून त्यांनी भागवलं नव्हतं, ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सगळ्यांसाठीच लिहिलं की गावाची साफसफाई वर्षातून एकदाच होईल, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्याला यायचं त्याला घरी यायला आखाजीपर्यंत वेळ. फक्त आखाजीची तारीख दरवर्षी बदलते आणि मशीनला तिथी कळत नाही. तेव्हा सालदारानं पंचांग बघून ती तारीख हातानं टाकायची, नाही टाकली तर सफाई होत नाही. मी डोळे पुसून म्हटलं, ही काय पद्धत झाली, कोणी विसरलं तर. ते म्हणाले, तर मग काय, बघू. आणि पोर घर उनी हे वाक्य त्यांनी घाईत एकच लिहिलं होतं, बाईला आणि पुरुषाला वेगळं करायचं राहून गेलं होतं. पुढे शिरपूरचा तो अस्वलवाला पोलिसात गेला, मिशा ठेवल्या, आणि तोही वर्षानं आत आला की सगळ्या गावाला कळायचं, लेक घरी आली. त्यानं कधी तक्रार केली नाही.

त्यानंतर किती आखाज्या झाल्या. नानांचा क्लास बंद झाला, ते मशीन भंगारात गेलं, गाव मात्र आधी शिरपूरच्या एका होस्टेलात, मग कुठल्या कुठे भाड्याच्या सर्व्हरवर राहायला गेलं. सुरतेत आमच्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा मी साड्यांच्या मार्केटची गल्ली बांधून दिली. मधे एका परदेशी माणसानं आमचा कोड उतरवून घेतला आणि ईमेलनं विचारलं की ही आखाजी म्हणजे काय भानगड आहे, साफसफाई एका सरकत्या तारखेसाठी का थांबते. लताअक्कांनी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं, लेकी, डांगर, पत्ते, सगळं. त्यानं कळवलं, मी त्या जागी आमच्या सुगीच्या सणाची तारीख घातली आहे. कसं दिसत असेल त्याचं गाव, मी पुष्कळदा विचार करते. तिथंही कोणीतरी कोणाची तरी वाट बघत असणार.

मला दरवर्षी विचारायचे, यंदा साल धरणार का. मी दरवर्षी नाही म्हणायचे. अर्धं टाकलेलं साल मनात होतं. यंदा मात्र हो म्हटलं. आता आम्ही दोघं धुळ्याला परत राहायला आलोय, दुपारी वेळ असतो. आणि यंदा नाना नाहीत. दिवाळीच्या सुमारास गेले. ही त्यांची पहिली आखाजी, त्यांच्या घरी सुनेनं पहिली घागर भरली, मी सकाळी जाऊन नमस्कार करून आले.

घरी येऊन सालदाराची खुर्ची घेतली. पहिलं काम तारखेचं. कॅलेंडर भिंतीवर समोरच, आखाजीवर मीच लाल पेनानं गोल केलेला. कर्सर रिकाम्या जागेत लुकलुकत होता. आधी एकदा गावात फेरी मारून यावी म्हणून निंबाखाली गेले. नाना पत्ते पिसत बसलेले. चौथा गडी पाहिजे. वर्षभरात ते एकदाही आत आले नव्हते आणि आजही येणार नव्हते. तारीख टाकली की उद्या सकाळी पारावरची ती जागा रिकामी. कूलर भरून घेतला, चहा केला, प्यायले. तारीख टाकली नाही.

मग विजूभाऊंना फोन लावला. ते आता पुण्याला असतात, डोक्यावरचे केस गेलेत, बोलणं तसंच. घागर भरली का, ऊन किती, झालं. मी म्हटलं, "विजूभाऊ, तारीख टाकायची माझ्याकडून राहून गेली."

ते मग म्हणाले, "राहू द्या. मनी बी दरसाल राही जायेल शे."

"आणि लताअक्कांची?"

"बठ्ठासनी," ते म्हणाले. म्हणजे सगळ्यांचीच.

मी फोन ठेवला, परत आत गेले आणि चौथी म्हणून नानांच्या डावात बसले.